एका स्विचवर चार चुली

बिरवाडीला लागूनच महाडची औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक कारखान्यांची इथे दाटी. अशा एखाद्या कारखान्यात ऑफिसचे संगणक, गेटवरचे कॅमेरे, रिॲक्टरवर लक्ष ठेवणारे पीएलसी आणि पाहुण्यांचे वायफाय, सगळे एकाच जाळ्यावर येऊन बसते. एकाने ‘हा पत्ता कोणाचा?’ असा पुकारा केला की तो सगळ्यांच्या कानी जातो. या चौघांच्या चुली वेगळ्या करायला चार स्विच घेता येतात, किंवा एकाच मॅनेज्ड स्विचवर पंधरा-वीस ओळी लिहून चार आभासी जाळी, म्हणजे व्हीलॅन, आखता येतात. त्या ओळी सावकाश वाचण्यासारख्या असतात.

त्यांच्या मुळाशी आहे एक छोटा टॅग. आयईईईने १९९८ साली ८०२.१क्यू हे मानक प्रसिद्ध केले. फ्रेममध्ये, म्हणजे जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर फक्त ४ बाइट घालायचे, एवढीच युक्ती. त्यातले पहिले दोन ‘पुढे टॅग आहे’ एवढे सांगतात. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ अग्रक्रमाचे, १ गर्दी झाल्यास फ्रेम आधी टाकून देता येईल का ते सांगणारा, आणि १२ व्हीलॅनच्या क्रमांकाचे. १२ बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. ० आणि ४०९५ राखीव, म्हणून हाती ४०९४. कॅमेऱ्याला यातले काही ठाऊक नसते. त्याची फ्रेम ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या दोन स्विचांमधल्या दुव्यावर, निघताना स्विच टॅग लावतो आणि पलीकडच्या ॲक्सेस पोर्टवर, म्हणजे उपकरण जोडलेल्या पोर्टवर, तो काढूनही घेतो. जुन्यातले जुने उपकरणही म्हणूनच या व्यवस्थेत निमूट सामावते.

आता आराखडा. ऑफिस १०, कॅमेरे २०, प्लांट ३०, पाहुणे ४०. दहा-दहाच्या उड्या अशासाठी, की उद्या लॅबला ११ देता यावा. कॅमेऱ्यांचे आयपी पत्ते १९२.१६८.२० ने सुरू होतात; पत्ता पाहिला की व्हीलॅन कळतो. हे कुठल्याही मानकात सांगितलेले नाही, ती लिहिणाऱ्याची जाण आहे.

गेट केबिनमधल्या स्विचकडून ऑफिसकडे येणाऱ्या पोर्टवरच्या या तीन ओळी पाहा:

स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९९
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०

पहिली ओळ दार उघडते. दुसरी, टॅग नसलेली फ्रेम आलीच तर तिला कोणीच राहत नाही अशा ९९९ मध्ये सोडते. मूळ ठेवणीतला १ तसाच ठेवला असता तर ती कुठे पोचली असती याचा भरवसा नव्हता. खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. ती लिहिलीच नाही तर अनेक स्विचांवर ट्रंकमधून सगळे व्हीलॅन मोकळे फिरतात. इथे ३० नाही. गेटवरच्या केबलला रिॲक्टरशी काही देणेघेणे नाही, हे त्या न लिहिलेल्या आकड्याने सांगितले आहे.

याच ओळीत एक खोडही आहे. पुढे पाहुण्यांचे वायफाय गेटपर्यंत न्यायचे ठरले आणि ‘अलाउड व्हीलॅन ॲड ४०’ ऐवजी घाईत ‘अलाउड व्हीलॅन ४०’ लिहिले, की १० आणि २० यादीतून पुसले जातात आणि गेटचे कॅमेरे तत्क्षणी अंधारतात. सिस्कोच्या स्विचवर काम करणारे या ओळीपाशी थबकतात ते यासाठीच.

मर्यादाही सांगायला हवी. व्हीलॅन फक्त वेगळे करतो. लेयर ३ स्विचवर व्हीलॅनांमधले राउटिंग सुरू झाले आणि कोणाला वाट द्यायची ते सांगणारी ॲक्सेस लिस्ट नसली, तर चारही घरे पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात. प्लांटचे खरे रक्षण फायरवॉलचे नियम करतात. कोणी कुठे राहायचे ते व्हीलॅन आखून देतो.

तरीही या लिखाणाची सर्वांत मोठी किंमत हीच, की ते यंत्रापासून वेगळे काढता येते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले. असे पाणी रॅकपर्यंत चढले तर स्विच जातो. पण काही केबींची कन्फिग फाइल हाती असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या स्विचवर तीच रचना थोड्या वेळात उभी राहते. तेव्हा बदल केल्यावर ‘राइट मेमरी’ देऊन, म्हणजे तो स्विचमध्येच साठवून, थांबू नका. फाइलची एक प्रत आणि पोर्टांचा कागदी तक्ता कारखान्याबाहेर, वरच्या मजल्यावर ठेवा.