संमती कशाला?

रिबेका स्क्लूट यांच्या ‘द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ (२०१०) या पुस्तकाची चर्चा बहुधा १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात न विचारता घेतलेल्या पेशींपाशीच थांबते. मला त्याहून बोचतो तो १९७०च्या दशकातला प्रसंग. हेन्रिएटाच्या मृत्यूनंतर संशोधकांनी जनुकीय अभ्यासासाठी तिच्या कुटुंबीयांचे रक्त घेतले. आपली कर्करोगाची तपासणी चालली आहे, असे समजून मुलगी डेबोरा निकालाची वाट पाहत राहिली. तिने हात पुढे केला होता, पण तो तपासणीसाठी. तपासणी रुग्णासाठी असते, संशोधन पुढच्यांसाठी. हा भेद स्क्लूट उपदेश न करता डेबोराच्या भीतीतून दाखवतात. तेच पुस्तकाचे बळ. संमतिपत्रावरची सही खरी असूनही संमती खोटी असू शकते.