कावळा, कीर्तन आणि दहावा दिवस

नाशिकच्या रामकुंडावर दहाव्याचा पिंड मांडला की सगळे कावळ्याची वाट पाहतात. कावळा लगेच शिवला तर प्रश्न मिटला. नाही शिवला, तर घरातलं कुणीतरी पुढे होतं, हात जोडतं आणि मोठ्यानं सांगतं : 'धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ', 'आईला एकटं टाकणार नाही', 'काकांचा हिस्सा देऊन टाकू'. यावर हसणं सोपं आहे. पण क्षणभर नाटक म्हणून पाहा. घरात वर्षानुवर्षं कुणी न काढलेला विषय इथे चारचौघांच्या साक्षीनं बोलावा लागतो. ज्याची इच्छा राहिली, तो मात्र बोलू शकत नाही.

सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये नेमकी हीच अट काढून टाकली. १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं रंगमंचावर आणलेल्या या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच उभे राहून कीर्तन करतात. त्यांना जुन्याच स्मशानात जळायचं आहे, नवं चालणार नाही. प्रेत अडून बसलेलं, मुलगा नाना हैराण, चाळकरी तिरडीच्या गडबडीत. इथे कावळ्याची गरजच उरत नाही, कारण मयत सगळं सांगतंय. तरीही त्याचं ऐकताना घरच्यांची दमछाक होते. जिवंतपणी एकमेकांचं न ऐकणारं घर मेल्यावरही ऐकू शकत नाही, हा आळेकरांचा खरा विनोद आहे.

याच्या शेजारी 'दशक्रिया' ठेवून पाहू. बाबा भांड यांच्या कादंबरीवरचा, संदीप पाटील दिग्दर्शित हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. नदी तीच, गोदावरी; घाट मात्र खाली पैठणचा. भान्या नावाचा पोरगा राखेतून नाणी वेचतो. कुणाच्या घरचा मृत्यू हा कुणाच्या घरची भाकरी असते, हे हा चित्रपट डोळे न मिटता दाखवतो. दक्षिणेचा हिशेब आणि घाटावरची जातीची उतरंड त्यानं बरोबर पकडली आहे. पण माझ्या मते तो एका जागी कमी पडतो. दुःखात बुडालेला माणूस इथे बहुतेक वेळा गिऱ्हाईक म्हणून येतो आणि निघून जातो. लुटला जात असूनही तो घाटावर का येतो, या प्रश्नापाशी चित्रपट थांबत नाही.

त्याचं उत्तर शोधायला जरा दुसऱ्या धर्माच्या अंगणात जाऊ. ते फार लांब नाही, अलिबागजवळच आहे. कोकणातले बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्या कबरींच्या दगडांवर हिब्रूबरोबर मराठीही कोरलेली सापडते. रामकुंडावर तीर्थपुरोहितांच्या वह्यांत आपल्या आजोबा-पणजोबांची नावं असतात. जाळणाऱ्यांनी नाव वहीत जपलं, पुरणाऱ्यांनी दगडावर. आणि ही वाटणीही वाटते तेवढी सरळ नाही : लिंगायत पुरतात, गोसावी समाधी देतात, तान्ह्या मुलांना बहुतेक हिंदू घरांत पुरतातच.

ज्यू परंपरेत दफन शक्य तितक्या लवकर करतात. मग सात दिवस जवळची माणसं घरात खाली बसतात. त्याला 'शिवा' म्हणतात, म्हणजे सात. दफनानंतरचं पहिलं जेवण घरच्यांनी करायचं नसतं, ते शेजाऱ्यांनी आणायचं. आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो. भेटायला आलेल्यानं आपणहून बोलायला सुरुवात करू नये, असाही ज्यूंचा संकेत आहे. आधी दुखवट्यातला माणूस बोलेल. आईवडिलांसाठी अकरा महिने 'कद्दिश' म्हणतात. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही, दहा माणसं जमावी लागतात. सनातनी रिवाजात ते दहा पुरुषच. म्हणजे दुःखी माणसाला रोज माणसांत जावं लागतं, आणि इतरांना त्याच्यासाठी वेळ काढावा लागतो.

खर्चाचा प्रश्न तिथेही होताच. तालमूद सांगतं की एके काळी अंत्यविधीचा खर्च नातलगांना मरणापेक्षा जड व्हायचा. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या कपड्यांत पुरायला सांगितलं आणि मग सगळ्यांनीच ती रीत उचलली. श्रीमंत-गरीब, कफन एकच. विधी न मोडता त्यातली लूट काढता येते, याचं हे जुनं उदाहरण आहे.

आता पुन्हा 'महानिर्वाण'कडे या. आळेकरांनी विडंबनासाठी कीर्तन निवडलं, पण कीर्तन ही नुसती थट्टेची पिशवी नव्हे. १८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी हाच साचा उचलला आणि बायबलमधल्या कथा मराठीत कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. धर्म बदलला तरी साचा टिकला, कारण त्यात लोक एकत्र बसून ऐकतात, टाळ्या देतात, साथ करतात. आळेकर विधीची खिल्ली उडवतात आणि त्याच वेळी प्रेक्षागृहातल्या अनोळखी माणसांना प्रेताभोवती बसवून ठेवतात. हसवता हसवता ते आपल्याकडून सुतकच पाळून घेतात.

भाऊरावांची बायको रमा हिच्या बाबतीतही नाटक धीट आहे. नवरा गेला असताना तिचं मन तिरडी उचलायला आलेल्या एका पुरुषाकडे ओढ घेतं. अनेक घरांत बायकांना आजही घाटावर नेत नाहीत. कावळ्याला वचन देणारा आवाज बहुतेकदा पुरुषाचाच असतो. शोकाला बाईचं अंग असतं, भूक असते, हे आळेकरांनी पन्नास वर्षांपूर्वी रंगमंचावर मांडलं.

आपल्या पिढीसमोरचा प्रश्न यातून निघतो. दक्षिणा, जात, सोवळं नाकारणं योग्यच आहे. पण ते नाकारताना आपण दिवसही टाकून दिले. दहावा-तेरावा एका सकाळी उरकतो, स्टेटसला 'भावपूर्ण श्रद्धांजली' चोवीस तास राहते, सोमवारी ऑफिस. भटजी नको असेल तर नको. कावळाही नको. पण दहा दिवस कुणीतरी डबा घेऊन येईल, न बोलता शेजारी बसेल, आणि राहून गेलेली गोष्ट घरच्यांना एकदा तरी मोठ्यानं बोलावी लागेल, एवढी सोय आपल्याला स्वतःच करावी लागणार आहे.