‘कुंकू’, मावशीबरोबर

कॉलेजात असताना ‘कुंकू’ पाहिला तेव्हा मला एकटी नीराच दिसली होती. शांता आपट्यांचे ते डोळे! घरी येऊन दोन दिवस मीही तशीच ताठ मानेनं वावरले होते. (तिसऱ्या दिवशी आईनं भांडी घासायला लावली.)

यंदा चातुर्मासात पुन्हा पाहिला, मावशीबरोबर. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपलेली, बाहेर बेळगावचा पाऊस. मावशीला सोळाव्या वर्षी बिजवराला दिलेलं. त्याबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

‘प्रभात’चा हा १९३७ सालचा चित्रपट, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून शांतारामबापूंनी केलेला. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. केशवराव दात्यांनी तो म्हातारा दुष्ट केला नाही, म्हणून तर तो जास्त टोचतो. त्याला आपलं वय कळतं, लाज वाटते, आणि तरी सोडवत नाही.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही हे मी वाचलेलं होतं, पण त्याचा अर्थ मावशीमुळे लागला. आता रडा, आता घाबरा, असं सांगणारं कुणी नाही. नुसते घरातले आवाज. काकासाहेबांच्या घड्याळाची टिकटिक सुरू झाली तशी मावशी हळूच म्हणाली, “आमच्याकडं पण रात्री एवढंच ऐकू यायचं बघ.” चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

शेवट मात्र मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. काकासाहेब जीव देतात आणि नीराची वाट मोकळी होते. म्हणजे तिची सुटका पुन्हा त्यांच्याच हातून. इतका धीट चित्रपट इथं कचरला असं मला वाटतं. मावशीला तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “शेवट त्यांचा गं. तिचं ‘नाही’ म्हणून झालं होतं की आधीच.”

मी गप्प बसले.

नीरा तबकडी लावून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तो प्रसंग आठवतो ना? मावशीला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. टीव्ही बंद करायला उठले तर म्हणाली, “थांब, ती पोरगी एकटीच गाते ते परत लाव.”