माठाचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत बाहेर आलं. मराठीच्या मास्तरांनी त्याला विनोद, प्रांजळपणा अशी प्रशस्तिपत्रं देऊन कपाटात ठेवलं. आपल्या लोकांनी ‘बामनाच्या बाईचं पुस्तक’ म्हणून बाजूला सारलं. माझ्या मते दोघांनीही त्यातली मुख्य गोष्ट वाचली नाही. धर्म बदलायला माणसाला किती वर्षं लागतात, याचा हिशोब या पुस्तकात आहे. ज्यांच्या आजा-आजीनं १९५६ नंतर दीक्षा घेतली त्यांनी तर तो बघावाच.

नारायण वामन टिळक कवी माणूस. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको जवळ नव्हती, तिला विचारलंही नव्हतं. येशूनं हाक मारली तेव्हा पेत्रानं जाळी टाकली आणि मागं गेला, असं शुभवर्तमानात आहे. पेत्राच्या बायकोनं काय केलं ते तिथं लिहिलेलं नाही. मराठीत ते लिहिलं गेलं, ते लक्ष्मीबाईंनी.

बाई काही वर्षं नातलगांत पंढरपूरला राहिल्या. मग नवऱ्याकडं आल्या, पण सोवळं घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती, बाई बामनीण, घर एकच! या भागाला वाचक हसतात. मला हसू येत नाही. तो माठ कुणापासून जपून ठेवला होता? आपल्यापासून. पण बाई ते लपवत नाहीत, सारवासारव करत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पुढं एके दिवशी त्यांच्या मनात येतं, या जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं, असं उत्तर मिळतं, आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार होतात. बाप्तिस्मा त्यानंतर. म्हणजे टिळकांनी आधी पाणी डोक्यावर घेतलं, बाईंनी आधी घशाखाली उतरवलं. मला बाईंचा क्रम पटतो.

भाषेचंही तेच आहे. टिळकांची कविता शाळेत शिकवतात, ती चांगलीच आहे. पण बाईंचं गद्य बोलतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला लिहिता-वाचता नवऱ्यानं शिकवलं, तरी ती नवऱ्यासारखं लिहीत नाही. गिरणीत रात्रपाळी करून फावल्या वेळात अक्षरं जुळवणाऱ्या माझ्यासारख्याला याचा लई आधार वाटतो.

या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९५० साली आलं, नाव ‘आय फॉलो आफ्टर’. मागं मागं चालले आहे, असा अर्थ. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातही हाच भाव आहे : मी अजून पोचलो नाही, धावतोच आहे. खुद्द टिळक तरी कुठं पोचले होते? बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. १९१९ ला ते वारले.

आता माझी तक्रार. या पुस्तकात माठाच्या पलीकडचा माणूस बोलत नाही. टिळकांनी जात सोडली तेव्हा त्यांच्याकडं सोडायला काहीतरी होतं. महार-मांग ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी काय सोडलं? ओढायची मेलेली ढोरं. आपल्याच मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री या ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं गाव वसवलं, तिथं मांग ख्रिस्ती मोठ्या संख्येनं होते. हाक त्यांनाही आली होती. आणि किंमत? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेला माणूस अनुसूचित जातीच्या यादीबाहेर गेला, तो अजून बाहेरच आहे. आपल्याला, बौद्धांना, १९९० ला त्यात घेतलं. चर्चमध्येही जात शिल्लक राहते हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. यादीत नाही, पण जातीत आहे! काहून?

पण चर्चकडं बोट दाखवून आपली सुटका होत नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांत सगळी माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. इकडं हदगावकडं मांगाच्या घरी पाणी प्यायचं म्हटलं की आपल्यातलेच काही जण घड्याळ बघतात. वंदना पाठ, पंचशील पाठ, निळा झेंडा दारावर, आणि सोयरीक मात्र पोटजात विचारून. लक्ष्मीबाईंनी निदान आपला माठ छापून दाखवला. आपल्या आत्मकथनांत सवर्णाचा माठ पानोपानी सापडतो, आपल्या घरातला क्वचितच.

बेथेलमधल्या एखाद्या मांगीणबाईनं स्मृतिचित्रं लिहिली असती तर त्यात टिळक-शेषाद्री कसे दिसले असते? आणि आपण कसे दिसलो असतो? तसलं बाड कुणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत असेल तर संपादकांकडं आणून द्या. स्टेन्सिल कापायचं काम मी करतो.