पाकिटांतील हिशेब

आपल्या साहित्यात वृद्ध मनुष्य निर्धन होतो, तो बहुधा मुलांच्या कृतघ्नतेमुळे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व वाटून निराधार होतात, परंतु त्यांचे दारिद्र्य भाषेच्या वैभवाने असे झाकले जाते की, या माणसाला महिन्याकाठी किती रुपये लागत असतील, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उद्भवतच नाही. रोहिंटन मिस्त्री यांची ‘फॅमिली मॅटर्स’ (२००२) ही इंग्रजी कादंबरी नेमका हाच प्रश्न विचारते. तिचे मोल मला येथे जाणवते.

नरिमन वकील हे मुंबईतील पारशी गृहस्थ, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, वय ७९, कंपवाताने जर्जर. राहते घर त्यांनी सावत्र मुलांच्या नावे केले आहे. पाय मोडताच सावत्र कन्या कूमी त्यांची रवानगी रोक्सानाच्या इवल्याशा घरात करते. रोक्साना पगार हाती येताच दूध, पाव, लोणी अशा एकेका खर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात घालते. आजोबांच्या औषधपाण्याने ही पाकिटे रोडावतात. मग नऊ वर्षांचा जहांगीर वर्गसोबत्यांच्या गृहपाठावर लाच घेतो व ते पैसे गुपचूप पाकिटात सरकवतो. त्याचा बाप येझद मटक्याकडे वळतो. वृद्धाच्या आजाराची किंमत नातवाच्या प्रामाणिकपणात मोजली जाते. हे सारे लेखकाने आवाज न चढविता सांगितले आहे.

पारशी म्हटला की तो सुखवस्तू, आणि नसलाच तर त्याच्या पाठीशी समाजाचे धर्मादाय निधी आहेत, अशी आपणा शेजाऱ्यांची समजूत. (मीही ती दीर्घकाळ बाळगली होती.) अल्पसंख्य समाजाची अशी ख्याती त्यातील गरीब म्हाताऱ्याला अदृश्य करते, आणि हात पसरणे म्हणजे कुळाची अप्रतिष्ठा, या धास्तीने तो स्वतःही गप्प राहतो. रोक्सानाच्या घरातील अवघडलेपणाचे मूळ मला बरेचसे येथे दिसते.

तथापि शेवटाविषयी माझी तक्रार आहे. तुळई कोसळून कूमी मरते, मोठे घर सर्वांना खुले होते, लहान घर विकले जाते व पैशाची विवंचना सरते. उपसंहारातील येझदची कर्मठता मार्मिकपणे रेखाटली आहे, यात शंका नाही. परंतु ज्या हिशेबाने तीनशेहून अधिक पृष्ठे आपणांस अस्वस्थ केले, तो लेखकाने सोडविला नाही. एका अपघाताच्या हवाली केला.