‘कुमारी’ कुठवर?

माझी आत्या शाळेत संस्कृत शिकवायची. तिने लग्न केले नाही. निवृत्तीच्या सत्काराची पत्रिका छापायची वेळ आली, तेव्हा तिच्या नावाआधी काय लावावे यावर सहकाऱ्यांचे एकमत होईना. अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘कु.’ हास्यास्पद वाटे, ‘सौ.’ खोटे ठरे आणि ‘श्रीमती’ म्हटले तर ‘यजमान कधी वारले?’ असे कोणी विचारील, ही भीती. अखेर नाव नुसतेच छापले. मुख्याध्यापकांच्या नावाआधी मात्र ‘श्री.’ होते, त्यासाठी त्यांच्या लग्नाची चौकशी कोणी केली नव्हती.

ही अडचण मराठीपुरती नाही. जर्मन ‘फ्रॉइलाइन’ हे ‘फ्राउ’चे लघुत्वदर्शक रूप, आणि व्याकरणात नपुंसकलिंगी. अविवाहिता म्हणजे अपुरी स्त्री, हा भाव प्रत्ययातच आहे. स्पॅनिश ‘सेन्योरीता’ची घडण अशीच. पश्चिम जर्मनीच्या गृहखात्याने १९७२ मध्ये ‘फ्रॉइलाइन’ सरकारी व्यवहारातून काढले. फ्रान्सने २०१२ च्या परिपत्रकाने अर्जांतून ‘मादम्वाझेल’ वगळले. दोन्हीकडे थोरला शब्द सर्वजणींना मिळाला.

इंग्रजीची वाट निराळी. ‘मिस’ आणि ‘मिसेस’ ही दोन्ही ‘मिस्ट्रेस’चीच रूपे. अठराव्या शतकात ‘मिसेस’ प्रतिष्ठित अविवाहितेलाही लागे. लग्नाची खूण ती पुढे झाली. म्हणून ‘मिज’ हा नवा शब्द पुढे आला. त्याची सूचना १९०१ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रात झाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो स्वीकारला १९८६ मध्ये.

मराठीला नवा शब्द घडवावा लागत नाही. ‘श्रीमती’ हे ‘श्रीमत्’चे स्त्रीलिंगी रूप. त्यात ना नवरा, ना वैधव्य. वैधव्य चिकटवले ते आपल्या वापराने. लग्नपत्रिकेत वर नुसता ‘चि.’ असतो, वधू ‘चि. सौ. कां.’, म्हणजे सौभाग्याची आकांक्षा धरणारी. तिची आकांक्षा पत्रिका छापणारेच ठरवून टाकतात.

परिपत्रकाने मने बदलत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. फ्रेंच रंगभूमीवर अभिनेत्रींनी ‘मादम्वाझेल’ मानाने मिरवले, हेही खरे. पण तिथे बिरुद स्त्रीने स्वतः धरलेले असते. अर्जावर ते तिच्याकडून वसूल केले जाते. माझा विरोध या वसुलीला आहे.

आत्याला काय हवे, हे त्या बैठकीत कोणी विचारले नाही. विचारले असते तर तिने ‘श्रीमती’च सांगितले असते. त्या शब्दाची व्युत्पत्ती तिने पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिली होती.