‘काहीच दिसलं नाही!’

मार्च महिन्यात एका शाळेची सहल वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात गेली होती. मीही सोबत होतो. परतल्यावर मुलांना प्रश्न दिला होता : ‘कोणकोणते प्राणी पाहिले?’ वाघ दिसला नव्हता. बऱ्याच मुलांनी लिहिलं, ‘काहीच दिसलं नाही.’ आणि तीन तास आम्ही सागाच्या जंगलात फिरत होतो!

चूक मुलांची नाही, प्रश्नाची आहे. बोर १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघाला संरक्षण म्हणजे त्याच्या भक्ष्याला, त्या भक्ष्याच्या चाऱ्याला, झाडांना आणि पाण्यालाही संरक्षण. हे आपण वर्गात शिकवतो आणि जिप्सीत बसलो की विसरतो.

मार्चमध्ये साग उघडाबोडका असतो. तो वाळलेला नसतो. त्याच्या भल्यामोठ्या पानांतून खूप पाणी उडून जातं. जमिनीतली ओल आटली की एवढा खर्च परवडत नाही, म्हणून तो पानंच गाळून टाकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही उन्हाळा कोरडाच. तरी तिथले रेडवूड वृक्ष बारमाही हिरवे! उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं. ते पानांवर साचून खाली ठिबकतं, थोडं पानंच शोषून घेतात. अडचण एकच, उत्तरं दोन.

तिथला ‘हायपेरियन’ हा जगातला सर्वांत उंच ज्ञात वृक्ष, सुमारे ११६ मीटर. केवळ तो पाहायला लोक वाट सोडून इतके घुसले, की बुंध्याजवळची जमीन तुडवली गेली. २०२२ मध्ये तिथं जायलाच बंदी आली. विक्रम तेवढा पाहायचा, जंगल नाही. आपली वाघाची घाई याच जातीची नाही का?

मुलांना वाघाची ओढ असावीच. पण व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरता येत नाही, म्हणून झाडांचा तास आधीच घ्या. गावातलं सागाचं गळालेलं पान आलेख कागदावर ठेवून क्षेत्रफळ काढा. शेजारी कडुनिंबाची पर्णिका ठेवा. पावसाळ्यात सागाचं कोवळं पान चोळून पाहा, बोटं लाल होतील. मग सहलीत विचारा : नाल्याकाठची झाडं अजून हिरवी का?

या प्रश्नाचं उत्तर वाघ दिसण्यावर अवलंबून नाही.